आत्तीची पुडी

रिपोर्टप्रमाणे माणूस मेलेला असायला हवा आणि तो बाहेर बाकड्यावर बसून चहा पितोय, असा प्रकार पॅथॉलॉजी लॅबमध्ये अधूनमधून घडतो. पोटॅशियम १४, कॅल्शियम ३. लॅबमध्ये मुरलेला माणूस असा रिपोर्ट बघून घाबरत नाही. तो आधी आत हाक मारतो, "जांभळ्या टोपीतलं रक्त लाल टोपीत कुणी ओतलं रे?" जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए असतं. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं, म्हणून तर त्या नळीतलं रक्त गोठत नाही. पण मग मशीनलाही कॅल्शियम सापडत नाही. शिवाय ते ईडीटीए पोटॅशियमचा क्षार म्हणून घातलेलं असतं, त्यामुळे पोटॅशियमचा आकडा भलताच वर जातो. रक्त कमी आलं की नवी पोरं इकडचं तिकडं करतात. पुन्हा सुई टोचायची, माफी मागायची, विषय संपला.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत अशाच एका लॅबमध्ये मी नोकरी करते. आकडा माणसाशी जुळतोय का, हे आधी बघायचं, ही या कामानं लावलेली सवय. माझ्या आत्तीच्या बाबतीत आकडे माणसाशी अजिबात जुळत नव्हते, आणि नळ्या मी स्वतः भरलेल्या होत्या.

आत्तीचं गाव भोगावतीच्या काठावर. दारात कायम दोन म्हशी. तिच्यासमोर "हाडं ठिसूळ झालीत" हे बोलणं म्हणजे तिच्या गोठ्याचा अपमान. तसा हा आख्ख्या कोल्हापूरचाच स्वभाव आहे म्हणा. गंगावेशच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळ धारोष्ण दुधाचा ग्लास हातात मिळतो, तालमीतल्या पोरांचा खुराक दुधावर आणि थंडाईवर चालतो, आणि पाव्हण्याला चहा दिला तर "दूध नव्हतं का घरात?" असं ऐकावं लागतं. म्हशीच्या पाव लिटर दुधात ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १००० मिलिग्रॅम. म्हणजे आत्तीचा हिशोब दुपारपर्यंतच पुरा व्हायचा, वर नाचणीची भाकरी वेगळी. तरीसुद्धा एका सकाळी हंडा उचलताना तिच्या पाठीत कट्‌कन आवाज झाला आणि ती तिथंच खाली बसली. एक्स-रेमध्ये कमरेच्या वरचा एक मणका पुढच्या बाजूनं चेपलेला. पडणं नाही, मार नाही. पाण्याचा हंडा, बस्स.

याच्या मागं एक पुडी होती. गुडघे धरले म्हणून गावच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडून ती वाताची पुडी घ्यायची. वर्तमानपत्राच्या चौकोनी कागदात बांधलेली पिवळट भुकटी, वास सुंठीचा. झाडपाल्याचं आहे, काही अपाय नाही, असं तो सांगायचा. आणि गुण तर असा की दोन-तीन दिवसांत आत्ती मांडी घालून जेवायला बसली. पुढं तिचा चेहरा गोल झाला, गाल लाल झाले. "आत्ती अंगानं भरली बघ," असं सगळे कौतुकानं म्हणायचे. त्या कौतुकात मीही होते. पण हातपाय मात्र काटकुळे होत चालले होते, दंडावर नुसतं बोट लागलं तरी काळानिळा डाग उठायचा, आणि मानेच्या मागं चरबीचा उंचवटा आला होता. हे सगळं एकत्र बघितलं तर वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल की हिच्या अंगात स्टेरॉईड जातंय.

पुडीतलं स्टेरॉईड म्हणजे आपल्याच शरीरातल्या एका रसाची कारखान्यात बनवलेली नक्कल. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. डॉक्टरांच्या भाषेत ॲड्रिनल. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या सालीत तीन थर. सगळ्यात बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होतं, ते मीठ आणि रक्तदाब सांभाळतं. मधल्या थरात कॉर्टिसॉल, आतल्या थरात थोडी पुरुषी संप्रेरकं. आणि गाभ्यात ॲड्रिनलिन, ज्याच्यामुळं समोर साप दिसला की छाती धडधडते. पुडीत असते ती कॉर्टिसॉलची नक्कल, बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथॅसोन.

ही औषधं खोटी नाहीत, आणि खरी अडचण तिथंच आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसॉलच्याच घराण्यातलं कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालत खोलीबाहेर गेली. १९५० चं नोबेल हेंच, केंडाल आणि राइकस्टाइन यांना मिळालं ते याच कामासाठी. म्हणजे आत्तीच्या बाजारातला तो माणूस नोबेल मिळालेलं औषध सुंठीत कालवून विकत होता. गुण येणारच. दमेकऱ्याला, अवयव बदललेल्या माणसाला, किती तरी जणांना ही औषधं जगवतात. फक्त ती देणाऱ्याला किती दिली, कधीपर्यंत द्यायची आणि कशी थांबवायची हे ठाऊक हवं. पुडीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

आता हाडांचं. शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. राहिलेल्या चिमूटभर कॅल्शियमवर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकसणं, रक्ताचं गोठणं हे सगळं चालतं, म्हणून रक्तातला आकडा शरीर ८.५ ते १०.५ च्या मधून हलू देत नाही. त्यावर पहारा असतो गळ्यातल्या चार पॅराथायरॉईड ग्रंथींचा, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याएवढी. (या ग्रंथी माणसात सापडायच्या आधी रिचर्ड ओवेन यांना दिसल्या त्या लंडनच्या प्राणीसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या सांडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केलं. गेंडा आपला आणि श्रेय त्यांचं, हे आमच्या लॅबमधल्या एका पोराचं मत.)

कॉर्टिसॉल गरजेपेक्षा जास्त झालं की ते या सगळ्या व्यवस्थेत तीन ठिकाणी हात घालतं. आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाणं कमी होतं. मूत्रपिंडातून ते जास्त वाहून जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हाडं बांधणाऱ्या पेशी मरायला लागतात. हाड हे काही एकदा बांधून ठेवलेलं घर नव्हे. रोज थोडं पाडायचं, रोज थोडं बांधायचं, असं त्याचं काम जन्मभर चालू असतं. स्टेरॉईडमुळं पाडणारे कामावर राहतात आणि गवंडी निघून जातात. मग आवारात सिमेंटची कितीही पोती आणून टाका. आत्तीचं दूध हे असं आवारात पडून राहिलेलं सिमेंट होतं. झीज सगळ्यात जोरात होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, आणि आधी पोखरलं जातं ते आतून जाळीदार असलेलं हाड, म्हणजे मणके आणि बरगड्या. म्हणून मांडीचं दणकट हाड शाबूत आणि हंड्याच्या वजनानं मणका चेपला.

इथवर गोष्ट सरळ आहे. माझं डोकं फिरलं ते पुढं.

मणक्याच्या दुखण्यात आत्ती बाजाराला जाऊ शकली नाही आणि पुडी आपोआप बंद पडली. कमकुवत हाडं म्हणून तिला कॅल्शियमच्या गोळ्या आणि आठवड्याला ६० हजार युनिटचं ड जीवनसत्त्वाचं पाकीट सुरू झालं होतं. थोड्याच दिवसांत तिला उलट्या सुरू झाल्या, उठलं की डोळ्यापुढं अंधारी, रक्तदाब इतका खाली की नाडी सापडेना. दवाखान्यात भरती केलं. रक्त मी काढलं. सकाळी आठचं कॉर्टिसॉल १ च्या आत. निरोगी माणसात त्या वेळेला ते ५ ते २५ च्या दरम्यान असतं. चेहरा सांगतोय स्टेरॉईड भरभरून आहे, आणि नळी सांगतीय काहीच नाही.

दुसरा आकडा त्याहून उफराटा. कॅल्शियम ११.२. ज्या बाईची हाडं एक्स-रेमध्ये पुसट-पोकळ दिसतायत, तिच्या रक्तात कॅल्शियम जास्त! दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर कॅल्शियम थोडं वर दिसतं, म्हणून पट्टा न लावता पुन्हा घेतलं. अल्ब्युमिन बघून हिशोब दुरुस्त केला. आकडा हलला नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा दोन्ही आकडे एकमेकांशी बोलायला लागले. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की मेंदू ग्रंथीला हुकूम देणं बंद करतो. हुकूम नाही म्हटल्यावर ग्रंथीचा मधला थर सुकत जातो. पुडी अचानक थांबली तेव्हा आत्तीच्या अंगात ना उसनं कॉर्टिसॉल होतं, ना स्वतःचं. गोल चेहरा हा जुना पुरावा, रिकामी नळी हे आजचं वास्तव. आणि कॉर्टिसॉल गेलं म्हणजे आतड्यावरची अडवणूकही गेली. ड जीवनसत्त्वाच्या जोरावर कॅल्शियम आत यायला लागलं. वर उलट्यांनी अंग सुकलेलं. मूत्रपिंडाकडं रक्त कमी जायला लागलं की गाळून बाहेर पडणारं कॅल्शियमही कमी होतं आणि जे गाळलं जातं त्यातलंही बरंचसं परत ओढून घेतलं जातं. अधिवृक्क ग्रंथी काम करेनाशा झालेल्या काही रुग्णांत कॅल्शियम असं वर जातं, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. नेमकं तेव्हा आठवायला हवं एवढंच. १८५५ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलच्या थॉमस ॲडिसन यांनी या ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचं वर्णन केलं तेव्हा त्यातल्या कित्येकांच्या ग्रंथी क्षयानं खाल्लेल्या होत्या. आपल्याकडं क्षय आजही त्यांचा शत्रू आहे. पुडी ही त्यात नवी भर.

सलाईन आणि हायड्रोकॉर्टिझोनचं, म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसॉलचं, इंजेक्शन गेलं. संध्याकाळी आत्तीनं भाकरी मागितली. कॅल्शियमसाठी वेगळं काही द्यावं लागलं नाही. पाणी आणि कॉर्टिसॉल मिळाल्यावर ते आपलं आपण खाली आलं. ड जीवनसत्त्वाची पाकिटं मात्र तेवढ्यापुरती थांबवली.

या सगळ्यानंतर मला उलट बाजूचा प्रश्न पडला. कॉर्टिसॉल कॅल्शियमला नाचवतं हे कळलं, पण कॅल्शियमची या ग्रंथीत काही सत्ता चालते का?

चांगलीच चालते. १९६१ मध्ये डग्लस आणि रुबिन या दोघांनी मांजराच्या अधिवृक्क ग्रंथींतून क्षारांचं द्रावण वाहतं ठेवून प्रयोग केले. मज्जातंतूचा निरोप आणणारं रसायन, ॲसिटिलकोलिन, सोडलं की ग्रंथीतून ॲड्रिनलिन बाहेर पडायचं. द्रावणातलं कॅल्शियम काढून घेतलं की निरोप पोचूनही काही घडायचं नाही. कॅल्शियम परत घातलं की पुन्हा सुरू. निरोप आणि काम यांच्यामधला दुवा कॅल्शियम आहे, हे त्यातून दिसलं. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या मानानं दहा हजार पट कमी असतं. दार किंचित उघडलं तरी ते आत घुसतं, आणि ते घुसणं हाच इशारा.

बाहेरच्या थरातलं अल्डोस्टेरॉनही असंच. रक्तात पोटॅशियम थोडंसं वाढलं की त्या पेशींच्या पडद्यावरची वीज बदलते, कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि अल्डोस्टेरॉनचं काम सुरू होतं. लॅबमध्ये रोज शेजारीशेजारी छापले जाणारे हे दोन आकडे एका पेशीत असे जोडलेले आहेत, हे वाचून मला कुणी तरी घरातलंच गुपित फोडल्यासारखं वाटलं. अल्डोस्टेरॉन भरमसाट बनवणाऱ्या गाठीचा आजार अमेरिकेतल्या जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये दाखवून दिला. तरुण वयात औषधाला न जुमानणारा रक्तदाब असला की त्याचा विचार करतात. अशा किती तरी गाठींत पोटॅशियमच्या दाराचा एक जनुक बिघडलेला असतो, हे २०११ मध्ये कळलं. त्या दारातून सोडियम आत झिरपतं, पडद्याची वीज ढळते, कॅल्शियमची दारं उघडी राहतात आणि पेशीला चोवीस तास इशारा मिळत राहतो. आणि ते जास्तीचं अल्डोस्टेरॉन मूत्रातून कॅल्शियम घालवतं, त्यानं गळ्यातल्या पॅराथायरॉईड चवताळतात, आणि त्यांचा रस पुन्हा अल्डोस्टेरॉनला चिथावतो. कॉर्टिसॉलचं जरा वेगळं आहे. त्याला मेंदूखालच्या ग्रंथीचा हुकूम लागतो, तरी तो हुकूम नीट बजावला जायला कॅल्शियम हवंच.

इथं एक गोष्ट आपल्या मोबाईलवरच्या रीलवाल्यांसाठी. पेशीच्या दारातून आत येणारं कॅल्शियम आणि ताटातलं कॅल्शियम यांच्यात रक्ताची काटेकोर पातळी उभी आहे. दोन गोळ्या जास्त खाल्ल्या म्हणून ॲड्रिनलिन वाढत नाही आणि दूध सोडलं म्हणून कॉर्टिसॉल उतरत नाही. "ॲड्रिनल फटीग" नावाचा जो आजार केसांची तपासणी करून शोधतात आणि क्षारांच्या डब्या विकतात, त्याला हार्मोनचे डॉक्टर आजार मानत नाहीत. आमच्याकडंही लोक तो शब्द घेऊन येतात. थकवा खरा असतो, म्हणून मी हसत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर बघा म्हणते. बहुतेकदा तिथंच काही तरी सापडतं.

रक्तातलं कॅल्शियम खरोखर घसरलं की काय होतं, हे मात्र कोल्हापूरच्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचता ठाऊक आहे. जास्त दूध देणारी म्हैस किंवा गाय व्याली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत कधी कधी बसते ती उठत नाही. कान गार, नाकपुडी कोरडी, मान वळवून कुशीवर टेकलेली. नावात ताप असला तरी या मिल्क फिवरमध्ये अंग थंडच असतं. गाईच्या रक्तात एका वेळी तीनेक ग्रॅमच कॅल्शियम असतं आणि दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमच्या वर निघून जातं. हाडांतून ते तेवढ्या वेगानं निघत नाही आणि जनावर कोसळतं. आपण खरवस खातो तो या हिशोबातून आलेला असतो. अशा गाईंच्या रक्तात कॉर्टिसॉलही नेहमीच्या वेणांपेक्षा जास्त चढलेलं सापडतं. त्याच्याही आधीची गंमत म्हणजे बाळंतपणाची वेळ ठरवतं ते पोटातलं वासरू. त्याच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल वाढलं की आईला कळा सुरू होतात.

आत्तीच्या गोठ्यात हे मी बघितलंय. डॉक्टरांनी ४५० मिलीची बाटली उलटी धरून मानेच्या शिरेतून कॅल्शियम सोडलं, अगदी सावकाश, दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप छातीला लावून. घाईनं सोडलं तर काळीज जागेवर थांबतं. बाटली अर्धी झाली तशी म्हशीच्या कातडीवर थरथर सुटली, मोठा ढेकर आला, मग शेण टाकलं, आणि बाटली संपल्यावर थोड्या वेळात गुडघ्यावर जोर देऊन ती उभी राहिली. आत्तीच्या डोळ्यापुढं हेच होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं मला कोंडीत पकडलं.

"म्हशीला बाटली लावली की उठती. मलाच का न्हाई लावत एक?"

"आत्ती, म्हशीच्या रक्तातलं कमी झालेलं असतं. तुझ्या रक्तात आहे, हाडात नाही."

"मग रक्तातलं हाडात घाला की!"

प्रश्न चुकीचा नव्हता. औषध शोधणाऱ्यांनाही शेवटी तेच करायचं असतं. तिला आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी दिली, ती हाड पाडणाऱ्या पेशींना आवर घालते. सकाळी रिकाम्या पोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दुधाबरोबर तर मुळीच नाही, कारण कॅल्शियम त्या गोळीला आतड्यातच पकडून ठेवतं. हाडाची गोळी आणि दूध चालत नाही, हे ऐकून आत्तीनं माझ्याकडं असं बघितलं की मीच वैदू आहे. आता ती अर्धा तास गोठ्यात उभी राहून म्हशींशी बोलते आणि मग दूध पिते.

हायड्रोकॉर्टिझोन मात्र अजून चालू आहे. डोस डॉक्टर हळूहळू कमी करतात. सुकलेली ग्रंथी जागी व्हायला कित्येक महिने लागतात. मधेच ताप आला, दात काढायचा झाला, तर डोस वाढवायचा. मनानं बंद तर कधीच करायचा नाही. हे लिहिलेलं कार्ड तिच्या कनवटीच्या पिशवीत असतं, बसच्या पासबरोबर. मधल्या तपासणीत सकाळचं कॉर्टिसॉल ४ च्या वर गेलं तेव्हा तिनं फोनवर विचारलं, "पास व्हायला किती लागतात?"

तो पुडीवाला दुसऱ्या कुठल्या बाजाराला बसत असेल. त्याला शोधून काढण्याची धमक आमच्या घरात कुणी दाखवली नाही, आणि पुडीत काय होतं हे सिद्ध करणारी तपासणी आमच्यासारख्या साध्या लॅबमध्ये होतही नाही. गावातल्या बायका अजून गुडघ्यांना काहीबाही घेतात. पण आत्तीनं आपल्या परीनं एक काम काढलंय. डेअरीवर दूध घालायला आलेल्या बाईचं तोंड गोल दिसलं की ती आधी दंड बघते, काळानिळा डाग आहे का. असला की पत्ता माझ्या लॅबचा. पुडी एकदम सोडायची नाही, कागदासकट डॉक्टरला दाखवायची, हे ती न विसरता सांगते. कॉर्टिसॉलचं रक्त आठच्या सुमाराला द्यावं लागतं म्हणून साडेसहाची एसटी धरायला लावते. लेकीसाठी धाडलेलं दूध पोचलं का, हेही मला तीच फोन करून विचारते, कारण त्या बायांबरोबर तिनं किटली पाठवलेली असते.